सुशोभीकरण नंतर करा. आधी दगडांवरची नावे उतरवून घ्या

महोदय,

ठाण्यातील तलावांचे काठ, चौकांतील मोकळे त्रिकोण आणि उड्डाणपुलांखालच्या जागा यांचे सुशोभीकरण आता आपल्या अंगवळणी पडले आहे. शहरातील आणि खाडीपलीकडच्या नवी मुंबईतील जुन्या दफनभूमींच्या दुरवस्थेविषयी बोलणे निघाले की त्यांच्यासाठीही हाच उपाय सुचवला जातो. भिंतीला रंग, वाटेवर पेव्हर ब्लॉक, फाटकावर कमान, चार दिवे आणि एक नामफलक एवढ्यावर काम झाले असे मानले जाते. जुन्या दफनभूमींना या प्रकारच्या कामाचा उपयोग फार थोडा आणि अपाय बराच होतो, असे माझे मत असून ते आपल्या वाचकांपुढे आणि संबंधित यंत्रणांपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात मोजणीच्या कामात गेली. त्यामुळे अशा जागांच्या हद्दी, नकाशे आणि नोंदी यांच्याशी माझा कामाचा संबंध आला. निवृत्तीनंतर कुतूहल म्हणून तेथील दगडांवरचे लेख वाचण्याची सवय लागली.

ठाणे हे अनेक धर्मांच्या माणसांच्या वस्तीचे आणि म्हणून त्यांच्या मृत्यूंचेही जुने गाव आहे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक येथे मारले गेले. जॉर्डानस नावाच्या डॉमिनिकन साधूने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले आणि पुढे काही वर्षांतच ओडोरिक या इटालियन प्रवाशाने त्यांच्या अस्थी तेथून उचलून समुद्रमार्गे थेट चीनमधील झैतून बंदरापर्यंत नेल्या. ठाण्याच्या जमिनीत कोण पुरले गेले आणि कोण येथून हलवले गेले, याची लेखी नोंद सातशे वर्षे मागे जाते, ही गोष्ट किती ठाणेकरांना ठाऊक असेल याची शंका वाटते. त्यानंतर पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी किल्ला जिंकला. त्या वेढ्यात इंग्रजांच्या आरमाराचा प्रमुख कमोडोर वॉटसन जखमी होऊन दगावला. त्याच किल्ल्याचे पुढे कारागृह झाले आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तेथेच फाशी देण्यात आले. सेंट जेम्स चर्चला १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते विधिवत प्रतिष्ठा मिळाली. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च त्याहून जुने, पोर्तुगीज काळातले आहे. टेंभी नाक्याच्या परिसरात १७८० ची पारशी अग्यारी आहे आणि १८७९ मध्ये बांधलेले बेने इस्रायली ज्यूंचे शार हाशामाईम हे प्रार्थनामंदिरही आहे. या सर्वांनी आपापले मृत याच शहरात किंवा त्याच्या वेशीवर ठेवले.

थोरामोठ्यांची स्मृती कोठेतरी राहतेच. स्टीफन बॅबिंग्टन नावाचे कंपनी सरकारचे न्यायाधीश १८२२ मध्ये ठाण्यात लागलेल्या आगीच्या वेळी मदतीला धावून गेले आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आजही आहे. ज्यांचा पुतळा होण्याचा संभव नव्हता, अशा माणसांची काळजी मला अधिक वाटते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली. त्यानंतरच्या पिढ्यांतले रेल्वेचे कामगार, कचेरीतले कारकून, कारागृहाचे शिपाई, बाळंतपणात गेलेल्या स्त्रिया आणि पाच वर्षांच्या आत गेलेली मुले यांच्यापैकी अनेकांचे नाव सर्वसामान्य माणसाला सहज पाहता येईल असे एकाच ठिकाणी उरलेले असते, आणि ते ठिकाण म्हणजे त्यांच्या डोक्याकडचा दगड. चर्चची किंवा प्रार्थनामंदिराची मृत्युनोंदवही असते हे खरे, परंतु कागदाला वाळवी आणि ओल लागते, आणि ‘अमुक गावचा, अमुक खात्यात नोकर, मागे पत्नी व तीन मुले’ असा तपशील नोंदवहीपेक्षा दगडावरच अधिक सापडतो.

बेने इस्रायली समाजाच्या शिलालेखांचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. ही माणसे मराठी बोलणारी, कोकणातल्या गावांवरून पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावे लावणारी. त्यांच्या थडग्यांवर हिब्रू आणि मराठी असे दोन्ही लेख शेजारी शेजारी आढळतात आणि वर्ष पुष्कळदा हिब्रू पंचांगाप्रमाणे, तेही अंकांऐवजी अक्षरांत लिहिलेले असते. इसवी सन १९०० च्या सुमाराचा मृत्यू तेथे ५६६० असा मोजला जातो. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. मात्र दर्जा मिळाल्याने थडग्यावरचे गवत कापायला माणूस मिळतो असे नाही. ज्यांचे वारस रोज शेजारून जात असतात त्या कबरी आपोआप झाडल्या जातात. ज्यांचे वारस समुद्रापलीकडे आहेत, मग ते अश्दोदला असोत वा इंग्लंडमध्ये, त्यांच्या कबरींची निगा राखण्याची जबाबदारी कोणाची हा प्रश्न उरतो. मराठीतला कोरीव लेख नष्ट होत असेल तर तो केवळ त्या समाजाचा तोटा समजण्याचे कारण नाही.

आता कायद्याच्या बाजूविषयी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची जी बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत मृतांच्या अंत्यविधीच्या जागांची देखभाल व नियमन यांचा समावेश आहे. ‘निधी असल्यास करावयाचे’ असे हे काम नाही. अर्थात शहरातील प्रत्येक दफनभूमी महापालिकेच्या मालकीची नाही. काही चर्चच्या, काही न्यासांच्या, काही वक्फच्या तर काही सरकारी आहेत, आणि कोणती कोणाची यावरूनच पुष्कळदा घोडे अडते. जमीन महसुलाच्या नियमांत मात्र या जागांना फार पूर्वीपासून स्थान आहे. कोणत्याही समाजाच्या दफनासाठी किंवा दहनासाठी वापरात असलेली जमीन सातबाऱ्यावर पोटखराबा ‘ब’ (लागवडीस न येणारी, सार्वजनिक वापरासाठी राखलेली जमीन) या वर्गात दाखवली जाते आणि तिच्यावर आकारणी होत नाही. ज्या ठिकाणी नगर भूमापन झाले आहे तेथे सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका निघाली, आणि या बदलात जुनी ‘ब’ वर्गातली नोंद पुढे आली की मागेच राहिली, हे प्रत्येक जागेच्या बाबतीत तपासून पाहावे लागते.

नवी मुंबईत हा प्रश्न आणखी वेगळा आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. गावठाणाला हद्द मिळाली. परंतु गावकऱ्यांची दफनाची जागा अनेकदा गावठाणाबाहेर, खाडीच्या किंवा ओढ्याच्या कडेला असे. आपल्याकडे दहनाची रूढी असलेल्या घरांतही तान्ही मुले पुरली जातात, संन्याशांना आणि गोसाव्यांना समाधी दिली जाते, लिंगायतांत तर दफन हीच रीत आहे. अशा जागांवर कोरलेला दगड क्वचितच असतो. एखादा ओबडधोबड धोंडा, शेंदूर, एखादे जुने झाड, एवढीच खूण. मोजणीच्या नकाशावर ती खूण नसली की रस्त्याच्या आखणीत ती जागा मोकळी जमीन म्हणून गणली जाते. गावातील वृद्ध माणसे हयात असेपर्यंतच ही माहिती मिळू शकते, आणि ती मिळवण्यासाठी एखाद्या संग्रहालयाची नव्हे तर एका तलाठ्याची, एका भूकरमापकाची आणि गावातल्या दोन जाणत्या माणसांची गरज असते.

म्हणून पहिली मागणी अशी की, ठाणे व नवी मुंबईच्या हद्दीतील सर्व जुन्या दफनभूमींची, त्या कोणाच्याही मालकीच्या असोत, हद्द कायम मोजणी करून घ्यावी आणि चतुःसीमेवर दगड बसवावेत. हे काम दिसायला अगदीच रूक्ष आहे. त्याचे उद्घाटन करता येत नाही, फीत कापता येत नाही, आणि म्हणूनच ते मागे पडते, अशी माझी समजूत आहे.

आता दुरुस्तीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत मोठी हानी सद्हेतूनेच होताना मी पाहिली आहे. एका जुन्या दफनभूमीत स्वच्छतेच्या उत्साहात संगमरवरी पाट्या फरशी पुसण्याच्या अॅसिडने धुतल्या गेल्या. त्या दिवशी त्या पांढऱ्याशुभ्र दिसल्या असतील. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते अॅसिडमध्ये विरघळते. पाटीचा वरचा गुळगुळीत थर निघून गेला, अक्षरांच्या कडा बोथट झाल्या, आणि खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर पावसाळ्यात शेवाळ पूर्वीपेक्षा लवकर धरू लागले. दगडावर काळे डाग असणे हे वाचनाच्या आड येत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. तारेचा ब्रश, घासणीची पावडर, ब्लीचिंग, उच्च दाबाचा पाण्याचा फवारा यांतले काहीही जुन्या लेखावर वापरू नये. साधे स्वच्छ पाणी, मऊ केसांचा ब्रश, सांधीतला मळ काढायला बांबूची काडी आणि भरपूर वेळ, एवढेच साहित्य पुरते. एवढ्यानेही दगडाचे कण सुटू लागले तर काम तेथेच थांबवावे.

दुसरा अपाय सिमेंटचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली आणि त्याआधीची थडगी विटांची किंवा घडीव दगडाची, चुन्यात बांधलेली असतात. चुन्याचा सांधा मऊ असतो, तो ओल शोषतो आणि सोडतोही. ठाण्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढे पाणी बांधकामात शिरणारच, प्रश्न ते बाहेर कोठून पडते एवढाच आहे. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, आतले क्षार विटेच्या पृष्ठभागाशी येऊन साकळतात आणि वीट पापुद्र्यापापुद्र्याने सुटू लागते. दोनतीन पावसाळ्यांनी गिलावा विटेसकट खाली येतो आणि ‘बांधकामच जुने होते’ असा निष्कर्ष काढला जातो. त्यावर ऑइलपेंट लावलेला असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आज कमी आहेत, परंतु राज्यातील किल्ल्यांच्या आणि जुन्या मंदिरांच्या जतनाच्या कामांवर ते आहेत, आणि महापालिकेने मनात आणले तर मिळू शकतात.

पेव्हर ब्लॉकचा आग्रह का नसावा तेही सांगतो. ब्लॉक बसवायचे म्हणजे खाली खडी आणि रेतीचा थर आला, त्याने वाटेची पातळी वाढते आणि पाणी आपसूक दोन्ही बाजूंच्या थडग्यांकडे वळते. जमिनीलगत बसवलेल्या पाट्या वर्षभरात चिखलाखाली जातात. जुन्या दफनभूमीत पाणी वाहून नेणारी चर आणि उतार यांच्यापलीकडे जमिनीला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिंपळ, वड आणि उंबर यांचा बंदोबस्त हे खरोखर नियमितपणे करण्याचे काम आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांधीत पडते, पहिल्या पावसात दोन पाने दिसतात, आणि त्याच वेळी ते रोप ओल्या चुन्यातून बोटांनी अलगद निघते. तीन वर्षांनी तेच रोप ओढले तर सोबत अर्धा चौथरा येतो, मग ते ओढू नये, मुळाशी कापावे आणि फुटवे येतील तसे पुन्हा पुन्हा कापत राहावे. घाणेरी आणि टाकळा यांचे रान दिवाळीच्या सुमारास कापून घेतले, तेही यंत्राची दोरी दगडावर आपटणार नाही अशा बेताने, तर पुढचे सहा महिने जागा मोकळी राहते. तणनाशक फवारणे सोपे असले तरी त्यातील क्षार दगडात मुरतात आणि उघडी पडलेली माती पहिल्या सरींबरोबर वाहून थडग्यांचे पाये उघडे पाडते. गवत असावे, मात्र आखूड असावे. हे सर्व काम वर्षातून चार वेळा येणाऱ्या दोन माळ्यांचे आहे. त्याचे देयक इतके लहान असते की त्याची निविदा काढण्यात कोणालाच रस वाटत नाही, आणि एकदाच मोठी रक्कम खर्चून पुढची दहा वर्षे विसरून जाण्याची आपली पद्धत येथेच नडते.

मात्र या सर्वांच्याही आधी, कोणाही कामगाराचे पाऊल फाटकात पडण्यापूर्वी, प्रत्येक दगडाची नोंद झालेली असली पाहिजे. माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा हाच आहे. दगड आज ना उद्या झिजणार, पडणार किंवा चोरीला जाणार. आपल्या हातात आहे ते त्यावरचा मजकूर वाचता येतो तोवर उतरवून घेणे. यासाठी दफनभूमीचा साधा आराखडा काढावा, ओळींना अक्षरे व थडग्यांना क्रमांक द्यावेत, हे क्रमांक दगडावर रंगाने लिहू नयेत, आणि प्रत्येक लेख ओळ जेथे तुटते तेथेच तोडून, चुकीचे शुद्धलेखन न सुधारता, जसाच्या तसा लिहून घ्यावा. जे अक्षर वाचता येत नाही त्या जागी टिंबे द्यावीत, अंदाजाने शब्द भरू नयेत. झिजलेला लेख भर दुपारी दिसत नाही. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर तिरपा प्रकाश पडला की अक्षरांच्या कडांना सावली येते. त्या वेळी न साधल्यास एका बाजूने आरशाने प्रकाश पाडून किंवा संध्याकाळी विजेरी आडवी धरून छायाचित्र घ्यावे. खडू, पीठ, हळद किंवा कोळसा चोळून अक्षरे उठवण्याचा मोह टाळावा, कारण ते कण खोबणीत अडकून राहतात. संगमरवरात शिसे ठोकून बसवलेली अक्षरे गळून पडलेली किंवा भंगारासाठी काढून नेलेली असतात, पण ती बसवण्यासाठी पाडलेली बारीक छिद्रे दगडात राहतात आणि त्यांच्या रचनेवरून अख्खे नाव जुळवता येते. हे काम फार रंगतदार असते, आणि एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागातल्या मुलांनी एकदा करून पाहिले तर त्यांना कोणत्याही प्रकल्पवहीपेक्षा अधिक शिकवून जाईल.

हिब्रू, पोर्तुगीज, गुजराती, उर्दू आणि फारसी लेखांसाठी जाणकार लागतील. बेने इस्रायली समाजातील वडीलधारी मंडळी, चर्चचे धर्मगुरू आणि मशिदींचे विश्वस्त यांना सन्मानाने बोलावले तर ही मदत मिळते, असा माझा मर्यादित अनुभव आहे. तयार झालेल्या यादीची एक प्रत त्या समाजाकडे, एक महापालिकेकडे आणि एक सार्वजनिक ग्रंथालयात असावी. ती संगणकावरही असावी हे ओघाने आलेच, पण छापील प्रत अवश्य असावी.

वापरात असलेल्या दफनभूमींच्या बाबतीत ही नोंद अधिक निकडीची आहे. जागेची टंचाई इतकी आहे की ठराविक वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडून नव्या मृतासाठी वापरावी लागते. ख्रिस्ती दफनभूमींत जुन्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवल्या जातात, मुस्लिम कब्रस्तानांतही जागेचा पुनर्वापर होतो. यास विरोध करणे अन्यायाचे ठरेल. जिवंत माणसांना आपल्या माणसाला शहरातच माती देता यावी, हा अधिकार शंभर वर्षांपूर्वीच्या थडग्याहून मोठा आहे. परंतु दगड काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र आणि मजकूर घेण्यास दहा मिनिटे लागतात, आणि काढलेला लेख फोडून भरावात टाकण्याऐवजी आतल्या भिंतीलगत उभा करून ठेवण्यास फारसा खर्चही येत नाही.

या जागांवर नागरिकांनी जावे की नाही, याबद्दल दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. माझ्या मते जावे, परंतु विचारून जावे. बंद फाटकाआड नेमके काय चालते ते सर्वांना माहीत आहे: दारूच्या बाटल्या, जुगार, कचऱ्याचे ढीग, आणि अलीकडे अमावास्येला मोबाइल घेऊन भुतांचे चित्रीकरण करण्यास येणारी पोरे. (त्यांना घोणस किंवा फुरसे अधिक खात्रीने भेटेल, एवढेच सांगावेसे वाटते.) माणसांची साधी, दिवसाउजेडीची ये-जा असेल तर यातले बरेचसे आपोआप थांबते. ख्रिस्ती समाज २ नोव्हेंबरला आपल्या मृतांच्या कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, मुस्लिम बांधव शब-ए-बारातला कब्रस्तानात जातात. ते त्यांचे दिवस आहेत आणि त्या दिवशी बघ्यांनी गर्दी करू नये. ज्यू दफनभूमीत शनिवारी जाऊ नये, तेथे फुलांऐवजी थडग्यावर लहानसा खडा ठेवण्याची रीत आहे, आणि बाहेर पडताना हात धुतात. पारशांच्या दोख्म्यात, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्यात, इतरांना प्रवेश नसतो, तेव्हा तेथे जाण्याचा हट्टही धरू नये. कबरीवर पाय देऊ नये, बसू नये, अलीकडच्या काळातल्या कबरींची छायाचित्रे घेऊ नयेत, आणि कोणी शोक करीत असेल तर मागच्या मागे फिरावे. या गोष्टी सांगाव्या लागू नयेत, पण सांगाव्या लागतात. शिवाय दफनस्थळी अतिक्रमण करून भावना दुखावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ नुसार एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. या जागांवर राडारोडा टाकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

देखभालीची व्यवस्था कशी असू शकते याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. पुण्याजवळ खडकी येथे दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक सैनिकांची स्मशानभूमी आहे. पश्चिम व मध्य भारतात ज्या ठिकाणी कबरींच्या कायमच्या देखभालीची खात्री देता येत नव्हती, तेथून त्या हलवून खडकीस एकत्र आणल्या गेल्या. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोग तिची निगा राखतो आणि तेथे कायमचे माळी आहेत. युद्धात न मेलेल्या सामान्य माणसांसाठी असा आयोग नाही, हे उघड आहे. कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी १७६७ मधली, एकेकाळी झाडीने पूर्ण वेढलेली होती. स्थानिक संघटना आणि दक्षिण आशियातील जुन्या दफनभूमींसाठी १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्थापन झालेली संस्था यांच्या प्रयत्नांनी ती सावरली आणि आज ती पाहण्यास लोक मुद्दाम जातात. सुरतेस सतराव्या शतकातील इंग्रज व डच वखारवाल्यांची भव्य थडगी आहेत. मलबारच्या वनस्पतींवर प्रचंड ग्रंथ सिद्ध करणारा डच अधिकारी व्हान ऱ्हीड तेथेच १६९१ मध्ये विसावला. ती थडगी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत.

ठाण्यासाठी मात्र केंद्रीय संरक्षणाचा आग्रह धरण्यात मला अर्थ दिसत नाही. त्या कायद्याने स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत नियंत्रण येते. चरई, टेंभी नाका किंवा राबोडीसारख्या दाट वस्तीत तसे झाले तर शेजारच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडेल आणि सारा परिसर त्या थडग्यांचा वैरी होईल. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा वास्तू आणि परिसर यांची श्रेणीनिहाय यादी करण्याची तरतूद आहे. तीत या जागा घालणे अधिक व्यवहार्य आहे, आणि त्यासाठी पुन्हा हद्दीचा नकाशा व नोंदयादी हीच दोन कागदपत्रे प्रथम लागतात.

महापालिकांनी येत्या अंदाजपत्रकात ‘सुशोभीकरण’ या शीर्षाखाली या जागांसाठी काहीही न ठेवता ‘मोजणी, नोंद व वार्षिक देखभाल’ असे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे. खासगी न्यासांच्या आणि धर्मसंस्थांच्या दफनभूमींत काम करण्यासाठी त्यांची लेखी संमती घ्यावी. ती मिळणार नाही तेथे निदान हद्दीची मोजणी करून ठेवावी. पावसाळ्यात हे काम होत नाही, दसऱ्यानंतर गवत वाळू लागले की सुरू करता येते आणि होळीपर्यंत बरेचसे उरकते. माझ्यासारखे भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले काही सहकारी आराखडे काढून देण्यासाठी मोबदल्याविना येण्यास तयार आहेत. आम्हाला फाटकाची किल्ली, आत जाण्याचे परवानगीपत्र आणि प्रभाग समितीकडून रान कापून देण्यासाठी दोन माणसे, एवढीच मदत हवी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक
नौपाडा, ठाणे